गळती लागली, तर सेन्सरला कळेल का?

विषारी वायूंच्या सेन्सरबद्दल वाचकांनी विचारलेले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे. एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमचे बेदाण्याचे कोल्ड स्टोरेज आहे, प्लांट अमोनियाचा. ‘अमोनिया हवेपेक्षा हलका’ असे सांगून ठेकेदाराने कंप्रेसर रूममधले दोन्ही सेन्सर छताजवळ बसवले. चेंबरमध्ये एकही नाही. एवढे पुरेल का?
— एक वाचक, तासगाव

पुरणार नाही. ठेकेदाराचे म्हणणे निम्मेच खरे आहे. अमोनियाचा रेणुभार १७, हवेचा सरासरी २९, त्यामुळे वायुरूप अमोनिया वर चढतो. पण तुमच्या रिसीव्हरमध्ये (द्रव अमोनिया साठवणारी टाकी) आणि लिक्विड लाइनमध्ये असतो तो दाबाखालचा द्रव. तो बाहेर पडला की उणे ३३ अंशांना उकळतो, त्याच्या बारीक थेंबांचा धुरकट ढग होतो, आसपासची हवा थंड होते आणि हा जड झालेला ढग जमिनीलगत पसरत जातो. पावसाळ्यातल्या दमट हवेत तो आणखी रेंगाळतो. छताजवळच्या सेन्सरला पत्ता लागेपर्यंत खाली उभ्या असलेल्या माणसाला डोळे उघडता येत नसतात.

म्हणून दोनपैकी एक वर राहू द्या आणि एक खाली आणा. वरचा सेन्सर एक्झॉस्ट फॅनकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेत हवा, ताज्या हवेच्या जाळीसमोर नको. जाळीतून सतत स्वच्छ हवा अंगावर येत असेल, तर तो सेन्सर बाहेरचे हवामान मोजत बसतो. खालचा सेन्सर रिसीव्हर आणि ऑइल ड्रेन यांच्याजवळ, जमिनीपासून ३० ते ५० सेंटिमीटरवर लावा. तेल काढणे हे या प्लांटमधले सर्वांत धोक्याचे नेहमीचे काम. माणूस व्हॉल्व्ह उघडून बादलीकडे बघत राहतो, तेल संपते आणि त्याच्यामागून द्रव अमोनिया येतो. जागा नक्की करण्याआधी अगरबत्ती किंवा स्मोक ट्यूब घेऊन फॅन चालू आणि फॅन बंद अशा दोन्ही वेळी धूर कुठे जातो ते पाहा. एका तासाचे काम आहे. ड्रॉइंगवर टिंब काढून जागा ठरवण्यापेक्षा कितीतरी खात्रीचे.

चेंबरमध्येही प्रत्येकी एक सेन्सर लावा. तिथे माणूस कमी वेळ असतो हे खरे, पण कॉइलला बारीक छिद्र पडले तर आधी मालाला वास लागतो. सेन्सर इव्हॅपोरेटरकडे परत जाणाऱ्या हवेत ठेवा. कॉइलच्या खाली किंवा थंड हवेच्या थेट झोतात लावला, तर डिफ्रॉस्टचे पाणी त्याच्या तोंडावर साचते. चेंबरच्या तापमानाला चालणारा सेल (सेन्सरमधला वायू ओळखणारा भाग) मागवा. सगळे सेल सारखे नसतात. हटकून विसरली जाणारी आणखी एक जागा म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्हची व्हेंट लाइन. व्हॉल्व्ह थोडासा ‘पास’ होत असेल, तर तो अमोनिया थेट छतावरून निघून जातो आणि आतल्या एकाही सेन्सरला दिसत नाही.

अलार्मच्या पातळ्या पाहू. आठ तासांच्या कामासाठी अमोनियाची मर्यादा २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत वायूचे २५ भाग), थोड्या वेळासाठी ३५ पीपीएम आणि जीव धोक्यात येण्याची पातळी ३०० पीपीएम धरली जाते. अमेरिकेतल्या अमोनिया रेफ्रिजरेशनच्या मानकात मशीन रूमसाठी २५ पीपीएमला अलार्म, १५० पीपीएमला आपत्कालीन फॅन पूर्ण वेगाने आणि ४०,००० पीपीएमला, म्हणजे स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या साधारण चौथ्या हिश्शाला, वीजपुरवठा बंद अशी उतरंड आहे. ती इथेही वापरण्याजोगी आहे. मात्र हे एका सेन्सरचे काम नव्हे. ०–१०० किंवा ०–५०० पीपीएमच्या इलेक्ट्रोकेमिकल सेलला ४०,००० दिसत नाही. उलट एवढ्या माऱ्यात तो कायमचा निकामी होतो. वरच्या पातळीसाठी वेगळा, स्फोटमर्यादेच्या टक्क्यांत मोजणारा डिटेक्टर लागतो. मोठी गळती होऊन गेली की पीपीएमचा सेल बदलायचाच, नंतर तो शून्य दाखवत असला तरीही.

दोन गोष्टी राहिल्या. अनेक कंपन्या अमोनियाच्या सेलचे आयुष्य पीपीएम-तासांत देतात. समजा ते २०,००० आहे आणि तुमच्या रूममध्ये ग्लॅंड पॅकिंगमधून (व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचे सील) सतत १० पीपीएम वायू झिरपतो आहे, तर २,००० तासांत, म्हणजे तीन महिन्यांच्या आत, सेल संपला. सेन्सर ‘टिकत नाही’ अशी तक्रार असेल, तर आधी पॅकिंग पाहा. दुसरे म्हणजे पॅनेल, फॅनचा स्विच आणि एक हूटर-दिवा कंप्रेसर रूमच्या दाराबाहेर हवा. आकडा वाचण्यासाठी ऑपरेटरला वायूत शिरावे लागत असेल, तर त्या पॅनेलचा उपयोग काय?

प्रश्न : आसवनीच्या स्पेंटवॉश (मद्यार्क काढल्यावर उरणारे सांडपाणी) डायजेस्टरजवळ आणि ईटीपीवर (सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर) हायड्रोजन सल्फाइडचे सहा सेन्सर आहेत. वास येत असतो, पण पॅनेलवर कायम शून्य. टेस्टचे बटण दाबले की हूटर वाजतो. मग सेन्सर ठीक समजायचे का?
— एक शिफ्ट इनचार्ज, कोल्हापूर जिल्हा

बटण दाबून हूटर, दिवा आणि पॅनेलचे रिले तपासले जातात. सेन्सरला वायू कळतो की नाही, हे त्यावरून अजिबात कळत नाही.

वास येतो आणि आकडा शून्य, हे एकट्याने बिघाडाचे लक्षण नाही. कुजक्या अंड्यांचा हा वास नाकाला एका पीपीएमच्या शंभराव्या भागापासून जाणवू लागतो; तुमचे पॅनेल बहुधा एक-एक पीपीएमच्या पायरीने मोजते. खरा धोका उलटा आहे. १०० पीपीएमच्या आसपास नाक काही मिनिटांत बधिर होते आणि वास ‘गेला’ असे वाटते. ही जीव धोक्यात येण्याची पातळीही आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमाच्या अनुसूचीत दिलेली मर्यादा आठ तासांसाठी १० आणि १५ मिनिटांसाठी १५ पीपीएम होती. अलार्म ५ आणि १० वर ठेवा.

आता सेलची मेख. इलेक्ट्रोकेमिकल सेल वायू आला की सूक्ष्म प्रवाह देतो, नाही आला की देत नाही. इलेक्ट्रोलाइट सुकला किंवा जाळी बुजली, तरीही प्रवाह शून्यच. ट्रान्समीटर त्यावरून ४ मिलिअँपिअर (म्हणजे शून्य आकडा) पाठवतो आणि पॅनेलवर हिरवा दिवा लागतो. म्हणजे मेलेला सेन्सर आणि स्वच्छ हवा पॅनेलवर सारखीच दिसतात. तार तुटली तर ४ च्या खाली गेलेला प्रवाह पॅनेलला समजतो. सेल मेला तर बहुतेक पॅनेलना समजत नाही. उपाय एकच, त्याला खरा वायू हुंगवणे. यालाच बम्प टेस्ट म्हणतात.

लागणारे सामान: २५ पीपीएम हायड्रोजन सल्फाइडचा, मुदतीतला अ‍ॅल्युमिनियम सिलिंडर, मिनिटाला अर्धा लिटर असा ठरलेला प्रवाह देणारा रेग्युलेटर, सेन्सरच्या तोंडावर बसणारा कॅलिब्रेशन कप, आणि एक मीटरपेक्षा कमी लांबीची टेफ्लॉन नळी. रबराची किंवा बागेतल्या पाइपसारखी नळी वापरू नका. हा वायू तिच्या भिंतीला चिकटतो आणि सेन्सरपर्यंत १५–१८च पोचतात. मग माणूस स्पॅन (वायू दिल्यावर दिसणारा आकडा जुळवण्याचे सेटिंग) वाढवून ठेवतो आणि सेन्सर पुढे जास्त दाखवू लागतो.

आधी कंट्रोल रूमला कळवा आणि ट्रिपचे इंटरलॉक (अलार्म वाजला की यंत्रणा आपोआप बंद करणारी जोडणी) बायपास करून वहीत वेळ लिहा. कप बसवा, वायू सोडा, घड्याळ लावा. चांगला सेल अर्ध्या मिनिटात अंतिम आकड्याच्या नव्वद टक्क्यांवर पोचतो. दोन्ही अलार्म वाजतात का, फॅन खरोखर फिरतो का, तेही याच वेळी पाहा. आकडा बरोबर आला पण दीड-दोन मिनिटे लागली, तर तोंडावरची जाळी किंवा फिल्टर बुजला आहे. बॉयलरची राख, गाळाचे शिंतोडे, कोळ्याची जाळी ही नेहमीची कारणे. सगळ्यांत वाईट म्हणजे रंग. गळिताआधी रंगकाम होते, रंगारी पाइपबरोबर सेन्सरचे तोंडही रंगवतो, किंवा ते प्लॅस्टिकने बांधतो आणि सोडायचे राहून जाते. रंगकामाच्या परवान्यावर ‘सेन्सर उघडले’ अशी स्वतंत्र सहीची ओळ ठेवा. काम झाल्यावर इंटरलॉक परत जोडल्याचीही सही घ्या. बायपास तसाच राहिलेला पॅनेल बंद पॅनेलसारखाच.

नवीन बसवणीत पहिले तीन महिने दरमहा बम्प टेस्ट करा. आकडे स्थिर दिसले तर कॅलिब्रेशन तीन महिन्यांवर न्या. राख आणि ओल असलेल्या जागी त्याहून लांबवू नका. सेलचे आयुष्य साधारण दोन ते तीन वर्षे. दर वेळी स्पॅन वर-वर ढकलावा लागत असेल, तर मुदतीची वाट न पाहता बदला.

तुम्ही विचारले नाही, तरी एक सांगणे गरजेचे आहे. भिंतीवरच्या या सेन्सरवर विसंबून कोणालाही टाकीत, संपमध्ये (सांडपाण्याच्या खड्ड्यात) किंवा डायजेस्टरमध्ये उतरवू नका. स्पेंटवॉशच्या कच्च्या बायोगॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड टक्क्यांत असतो, आणि एक टक्का म्हणजे १०,००० पीपीएम. गाळ ढवळला की आत अडकलेला वायू एकदम सुटतो. पाच मिनिटांपूर्वीचा आकडा तेव्हा बाद झालेला असतो. उतरण्याआधी पंप असलेल्या चार वायूंच्या हातातल्या डिटेक्टरने वर, मध्ये आणि तळाशी तपासणी हवी. नळीच्या दर मीटरला तीन सेकंद धरा आणि त्यावर सेन्सरच्या प्रतिसादासाठी मिनिटभर थांबा. १० मीटर नळी टाकून दहा सेकंदांत ‘ओके’ म्हणणारा माणूस नळीतली जुनी हवा मोजतो. प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरणे नाही. सक्षम व्यक्तीचा तपासणीवर आधारलेला लेखी दाखला, किंवा श्वसनसंच आणि दोर लावलेला पट्टा, ही अट २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ३६ ने घातलेली होती; ती पाळायचीच. बाहेर उभ्या माणसाने दोर ओढायचा असतो, मागोमाग उडी मारायची नसते.

प्रश्न : फौंड्रीत कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर पहाटे तीन-चारच्या सुमाराला वाजतो. तेव्हा भट्टी बंद असते. सेटिंग वाढवावे का?
— एक वाचक, शिरोली

वाढवू नका. आधी हे पाहा: रात्री फोर्कलिफ्ट चार्जिंगला लावता का? लेड-ॲसिड बॅटरी भरत आली की हायड्रोजन सोडते, आणि कार्बन मोनॉक्साइडचा साधा सेल हायड्रोजनलाही प्रतिसाद देतो, काही सेल तर निम्म्याच्या आसपास. अलार्मची वेळ चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्याशी जुळली तर उत्तर मिळाले. चार्जिंगची जागा हवेशीर करून वेगळी करा, तिथे छताजवळ हायड्रोजनचा डिटेक्टर लावा आणि कार्बन मोनॉक्साइडसाठी हायड्रोजन-कॉम्पेन्सेटेड सेल मागवा.

फौंड्रीतला दुसरा संशयित म्हणजे कोअर आणि मोल्डला लावायचा अल्कोहोलचा वॉश. त्याची वाफ सेलमधला कोळशाचा फिल्टर शोषून घेतो, पण फिल्टर भरला की तीही कार्बन मोनॉक्साइड म्हणून दिसू लागते. दोन्ही कारणे निकालात निघेपर्यंत प्रत्येक अलार्म खरा धरूनच वागा. भट्टी बंद असली तरी ओतलेले साचे धुमसत असतात.

प्रश्न : नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीनचे टनर (सुमारे ९०० किलोचे मोठे सिलिंडर) आहेत. सेन्सर नेमका कुठे, आणि अलार्म वाजल्यावर काय आपोआप सुरू व्हावे?
— एक कनिष्ठ अभियंता, मराठवाडा

क्लोरीन हवेच्या अडीच पट जड आहे, त्यामुळे इथे उंचीचा वाद नाही: जमिनीपासून ३० सेंटिमीटरच्या आसपास. टनर ठेवण्याची खोली आणि क्लोरिनेटरची खोली यांना वेगवेगळे सेन्सर द्या. केबल ट्रेंच किंवा गटार एका खोलीतून दुसरीकडे जात असेल, तर क्लोरीन त्याच वाटेने जातो. ट्रेंच बंद करा, नाहीतर तिथेही एक लावा. धुण्याच्या पाण्याचा फवारा सेन्सरवर येणार नाही अशी जागा निवडा आणि स्प्लॅश गार्ड काढू नका.

अलार्म ०.५ आणि १ पीपीएमला ठेवा. जीव धोक्यात येण्याची पातळी अवघी १० पीपीएम आहे. पहिल्या अलार्मला दिवा आणि हूटर. दुसऱ्याला खोलीतली हवा ओढून कॉस्टिक सोड्याच्या स्क्रबरमधून नेणारा ब्लोअर. बऱ्याच ठिकाणी अलार्मला नुसता भिंतीतला एक्झॉस्ट फॅन जोडलेला असतो. केंद्राला लागून वस्ती असेल, तर तो फॅन गळती लोकांच्या दारात नेऊन सोडतो. स्क्रबरचा हिशेब सोपा आहे: ७१ किलो क्लोरीनला ८० किलो सोडा लागतो, म्हणजे ९०० किलोच्या एका भरल्या टनरला सुमारे १,०१५ किलो; त्याहून जास्त शिल्लक ठेवा आणि द्रावणाची ताकद अधूनमधून तपासा. सोडा हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषूनही हळूहळू मरतो.

गळतीच्या जागी पाणी मारू नका. ओला क्लोरीन धातू खातो आणि भोक मोठे होते. अमोनियाचा बोळा फिरवून पांढऱ्या धुरावरून गळती शोधायची पद्धत योग्य आहे, पण तो बोळा सेन्सरजवळ नेऊ नका. या सेन्सरची तपासणीही थोडी नाजूक असते. कमी पीपीएमचा क्लोरीन सिलिंडरमध्ये फार काळ टिकत नाही, म्हणून त्याचा छोटा जनरेटर वापरणारी एजन्सी बोलवा. टर्मिनलवर हिरवट थर दिसला, तर केबलच्या ग्लॅंडमधून वायू आत शिरतो आहे.

वापरात नसलेले, जुने सिलिंडर आवारात पडून असतील, तर तेही सेन्सरच्या कक्षेत आणा किंवा रीतसर घालवा. २०१० साली मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरात अशाच वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या सिलिंडरमधून गळती झाली होती.

प्रश्न : मोटार सुरू झाली की रीडिंग उडते. शेवटचे दोन डिटेक्टर तर वीज गेली की फॉल्टमध्ये जातात. ठेकेदार ‘सेन्सर बदला’ म्हणतो.
— एक इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, तारापूर

सेन्सर बदलून काही होणार नाही, दोन्ही दोष वायरिंगचे वाटतात.

रीडिंग उडण्याचे पहिले कारण शिल्ड, म्हणजे तारांभोवतीचे धातूचे आवरण. केबलची शिल्ड फक्त पॅनेलच्या बाजूला अर्थ करा. डिटेक्टरच्या बाजूला कापून टेप लावा. दोन्हीकडे अर्थ केली की दोन अर्थमधल्या फरकाचा प्रवाह शिल्डमधूनच वाहतो. जंक्शन बॉक्समध्ये शिल्ड पुढे जोडलेली आहे ना, तेही पाहा. तिथे ती बहुधा कापलेलीच सापडते. सिग्नल केबल आणि व्हीएफडीची (मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हची) पॉवर केबल एकाच ट्रेमध्ये असतील तर वेगळ्या करा, निदान ३० सेंटिमीटर अंतर ठेवा आणि जिथे ओलांडावी लागेल तिथे काटकोनात ओलांडा.

दुसरा दोष हिशेबाने सापडेल. १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला १२.१ ओहम. ४०० मीटरवरचा डिटेक्टर २०० मिलिअँपिअर घेत असेल, तर जाऊन-येऊन ९.७ ओहममध्ये सुमारे १.९ व्होल्ट पडतात. २४ चे २२ उरले, चालते. पण केबल वाचवण्यासाठी पाच-सहा डिटेक्टरना एकाच जोडीवरून पुरवठा दिला असेल, तर तोच प्रवाह एक अँपिअरच्या वर जातो आणि टोकाला निम्मीच व्होल्टेज पोचते. वीज असताना जेमतेम चालते. बॅटरीवर गेले आणि २४ चे २१-२२ झाले की शेवटचे दोन आधी बसतात. लोड चालू असताना शेवटच्या डिटेक्टरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा आणि डेटाशीटमधल्या किमान व्होल्टेजशी ताडून पाहा. कमी असेल, तर वेगळी फीड किंवा जाड तार.

मग लूप सिम्युलेटर लावून ४, १२ आणि २० मिलिअँपिअर पाठवा. ०–५० पीपीएमच्या चॅनेलवर ०, २५ आणि ५० दिसले पाहिजेत. २५ च्या जागी ५० दिसले, तर पॅनेलमध्ये रेंज ०–१०० भरलेली आहे. ही चूक कल्पनेपेक्षा जास्त ठिकाणी सापडते. प्रवाह ३.६ च्या खाली नेला की पॅनेलने फॉल्ट दाखवावा, शून्य नव्हे.

उघडलेच आहे तर फ्लेमप्रूफ बॉक्सही पाहून घ्या. वापरात नसलेल्या भोकाला प्लॅस्टिकची टोपी चालत नाही, प्रमाणित प्लगच हवा. ग्लॅंड डबल कॉम्प्रेशन. झाकणाचे सगळे बोल्ट जागेवर. गॅस ग्रुपही (स्फोटकतेनुसार वायूंचा वर्ग) जुळवा: अमोनियाला २ए, हायड्रोजन सल्फाइडला २बी, हायड्रोजनला २सी. नागपूरच्या ‘पेसो’ची (पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेची) मान्यता नेमक्या त्याच मॉडेलची आहे ना, हे नेमप्लेटवर पाहा, माहितीपत्रकावर नव्हे. सेन्सरचे तोंड खाली, आणि केबल बॉक्समध्ये शिरण्याआधी तिला खाली लोंबता वळसा द्या, म्हणजे पावसाचे पाणी ग्लॅंडपर्यंत न जाता तिथेच ठिबकेल.

प्रश्न : मी आखाती देशात तेलक्षेत्रावर आहे. हायड्रोजन सल्फाइडचे सेल वर्षभरही टिकत नाहीत.
— एक वाचक, अबुधाबी

उन्हात तापलेल्या बॉक्सच्या आतले तापमान हवेपेक्षा बरेच जास्त असते आणि बहुतेक सेलची मर्यादा ५० अंशांच्या आसपास. त्यात सलग कोरडी हवा मिळाली की इलेक्ट्रोलाइटमधले पाणी उडते. सनशेड लावा, शक्य तिथे खांबाच्या सावलीच्या बाजूला न्या. तरीही जमत नसेल, तर मेटल-ऑक्साइड प्रकारचे सेन्सर विचारात घ्या. ते उष्णता सोसतात, मात्र बरेच महिने वायू मिळाला नाही की ‘झोपतात’ आणि प्रतिसाद मंदावतो. त्यांना ठरावीक काळाने वायू देत राहावे लागते.

प्रश्न : एएमसीवाले (वार्षिक देखभाल करारवाले) दर तीन महिन्यांनी येतात आणि ‘सर्व ठीक’ असे प्रमाणपत्र देतात. त्यात काय पाहावे?
— एक छोटे उद्योजक, चिपळूण

एकच रकाना आधी शोधा: हात लावण्यापूर्वी सेन्सरने किती दाखवले. २५ पीपीएमचा वायू दिल्यावर समायोजनाआधी ९ आले आणि नंतर २५ केले, तर प्रमाणपत्रावर २५ दिसेल. पण मधल्या काळात, केव्हापासून ते कळायला मार्ग नाही, तुमचा १० पीपीएमचा अलार्म हवेत २८ पीपीएम झाल्याशिवाय वाजला नसता. आधीचा आणि नंतरचा आकडा, नव्वद टक्क्यांपर्यंत पोचायला लागलेला वेळ, सिलिंडरचा क्रमांक, त्याची अंतिम तारीख आणि सेलच्या उत्पादनाची तारीख, एवढे करारातच लिहून घ्या.

सुटे सेल एकदम डझनाने घेऊन कपाटात ठेवू नका. पाकिटातही त्यांचे वय वाढतच असते आणि बऱ्याच सेलची साठवण मुदत सहा महिन्यांच्या आसपास असते. दर चार-पाच डिटेक्टरमागे एक ताजा सेल पुरतो. नवा सेल बसवल्यावर तो स्थिर व्हायला काही तास लागू शकतात, म्हणून कॅलिब्रेशन बसवल्याबसवल्या न करता माहितीपत्रकात दिलेला वेळ जाऊ द्या. तोवर त्या जागी हातातला डिटेक्टर घेतलेला माणूस ठेवा.